वन्स मोअर म्हणजे पुन्हा तेच नव्हे

गेल्या दिवाळीत पाडवा पहाटेच्या एका मैफलीला गेलो होतो. आयटीवाल्याने सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचारला उठणं ही खरं तर स्वतंत्र लेखाची बातमी आहे, पण ते असो. मैफल संपल्यावर आम्ही चौघं नेहमीप्रमाणे मिसळ खायला बसलो आणि पहिला घास जायच्या आत एकजण म्हणाला, "मस्त झालं रे, पण ते 'कट्यार'मधलं गाणं पिक्चरसारखं नाही गायला. मधेच काहीतरी वेगळंच करत बसला." दुसरा लगेच उखडला, "मग घरी बसून मोबाइलवर ऐकायचं ना! पहाटे उठून थंडीत कशाला कुडकुडलास?" रस्सा दोनदा मागवून झाला, वाद काही मिटला नाही.

खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. फक्त 'बरोबर' या शब्दाचा दोघांचा अर्थ वेगळा होता. एकाला गाणं 'जसं आहे तसं' हवं होतं आणि दुसऱ्याला ते 'आज कसं होतं' ते ऐकायचं होतं. आता गंमत अशी, की 'जसं आहे तसं गाणं' ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. आपल्या खापरपणजोबांना ती नीटशी कळली तरी असती का, याची मला शंका आहे. ती कधी आणि कशी आली हे शोधायला लागलो, तर गाडी फिरून फिरून नाशिकातच येऊन थांबायला लागली. म्हणून हा लेख.

सुरुवात करू २१ डिसेंबर १९०९ पासून. नाशिकच्या विजयानंद थेटरात किर्लोस्कर नाटक मंडळीचं 'संगीत शारदा' होतं. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती आणि त्याच्या निरोपाचा हा खेळ. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. पुढचं आपण सगळे शाळेत शिकलोय. अनंत कान्हेरे या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने थेटरातच त्याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इतिहासाच्या पुस्तकात हा धडा इथे संपतो. मला मात्र एक बारीकशी गोष्ट नेहमी खुणावते. जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबाला निरोप द्यायचा तर गावाला काय सुचलं? संगीत नाटक. आणि साहेब कुठे हमखास सापडेल, हे कट करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. संगीत नाटकाचं गावातलं स्थान काय होतं ते यावरून कळावं. आजच्या भाषेत क्रिकेटची मॅच, मल्टिप्लेक्स आणि पाडवा पहाट हे तिन्ही एकाच तिकिटात.

त्या काळात किर्लोस्कर मंडळीत शारदेची भूमिका करायचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. तेव्हा वय एकवीस. आणि इथून आपल्या विषयाला खरी सुरुवात होते, कारण 'वन्स मोअर' हा शब्द ज्यांच्या नावाला कायमचा चिकटला ते हेच.

वन्स मोअर म्हणजे नक्की काय व्हायचं? नाटक चालू आहे. नायिकेने पद म्हटलं. पिटातून आणि खुर्च्यांतून आरोळी आली. नायिका नायकाशी चाललेलं बोलणं तिथेच सोडून पुन्हा ते पद म्हणणार. परत आरोळी, परत पद. नायक बिचारा हात बांधून उभा! अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त (१८८०) दोनशेच्या वर पदं होती. 'मानापमाना'त (१९११) ती पन्नासच्या घरात आली. म्हणजे पदांची संख्या घटत गेली, पण नाटक काही त्या मानाने लवकर संपेना. रात्री सुरू झालेला खेळ उजाडायला लागेपर्यंत चालायचा. कारण उघड आहे. पदं कमी झाली तशी एकेका पदाला जागा मोठी मिळाली. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवरा'च्या (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या. या चाली सरळ रागदारीतून आलेल्या, त्यामुळे गाणाऱ्याला हवं तेवढं फिरायला मोकळं रान. साथीला पुढे तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. अशी टीम बरोबर असल्यावर पद दोन मिनिटांत कोण संपवेल?

आणि मुख्य मुद्दा हा, की वन्स मोअर आल्यावर बालगंधर्व तेच पद पुन्हा म्हणत, पण तसंच म्हणत नसत. ज्यांनी त्यांना ऐकलं त्यांच्या आठवणींत हे सारखं येतं. दुसऱ्यांदा वेगळी जागा, तिसऱ्यांदा आणखी वेगळी. म्हणजे वन्स मोअर मागणारा प्रेक्षक "तेच परत ऐकव" असं म्हणत नव्हता. तो म्हणत होता, "यात अजून काय आहे ते दाखव." आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ परत लावणं वेगळं, आणि प्रोग्रॅम नवा इनपुट देऊन परत चालवणं वेगळं. वन्स मोअर हा नवा इनपुट होता. प्रेक्षकाचं मत नाटक संपल्यावर घरी जाताना व्यक्त होत नव्हतं, ते तिथल्या तिथे, त्याच खेळात आत शिरत होतं आणि पुढचं गाणं बदलत होतं.

आता लगेच हळवं होऊन "काय ते दिवस!" म्हणायचं कारण नाही. या प्रकाराने नाटकाची पार वाट लागायची, हेही तितकंच खरं. शारदेसारख्या नाटकाचा विषय काय? म्हाताऱ्याशी लावलेलं कोवळ्या मुलीचं लग्न. ते बघायला येऊन लोक मुलीच्या दुःखाच्या पदाला वन्स मोअर देतात, हे जरा विचार केला तर विचित्रच आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी मनापासून लिहिलेला प्रसंग सुरावटीत विरघळून जायचा. शिवाय गट-तट आलेच. बालगंधर्वांचे भक्त एकीकडे, 'ललितकलादर्श'च्या केशवराव भोसल्यांचे दुसरीकडे. कुणाचा आवाज, कुणाची तान, कुणाला वन्स मोअर जास्त, यावरून घराघरांत आणि हाटेलांत भांडणं. (आपण पोरांना उगाच नावं ठेवतो, की आवडत्या गायकावरून मोबाइलवर शिव्या देतात म्हणून.) ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थेटरात टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एकत्र उभे राहिले, तो 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. दोन्ही बाजूंचे भक्त एकाच छपराखाली, आणि दोन्ही गायकांना माहीत की आज इथे तुलना होणार. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. तुलना कायमची अर्धवट राहिली. म्हणूनच बहुधा तो वाद आजतागायत जिवंत आहे.

आता परत नाशिकला येऊ. 'शारदे'च्या त्या रात्रीला चार वर्षं होत असताना, १९१३ मध्ये, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लावून झाल्यावर आपलं बिऱ्हाड आणि कॅमेरा घेऊन नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', मग 'कालियामर्दन' (१९१९), ज्यात त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली होती. १९१८ साली त्यांची हिंदुस्थान फिल्म कंपनीही इथेच उभी राहिली. पडदा मुका होता. पण थेटर मुकं नव्हतं, हे आपण विसरतो. पडद्याच्या बाजूला पेटीवाला आणि तबलजी बसायचे आणि चित्र बघून वाजवायचे. म्हणजे सिनेमाचं संगीत सुरुवातीची जवळपास वीस वर्षं संपूर्णपणे 'लाइव्ह' होतं! एकच पिक्चर नाशिकला वेगळा वाजायचा आणि नगरला वेगळा. पेटीवाला दमला असेल तर पिक्चर दमलेला. म्हणून 'सिनेमा आला आणि जिवंत संगीत मेलं' हे वाक्य सरसकट खरं नाही. त्याला वीसेक वर्षं उशीर आहे.

(अवांतर: फाळके मधल्या काळात कंपनीशी भांडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी नाटक लिहिलं. नाव 'रंगभूमी', आणि विषय तत्कालीन नाटकधंद्याची परवड. ते काही चाललं नाही. सिनेमाचा बाप नाटकवाल्यांना चार शब्द ऐकवायला नाटकच लिहितो, हे मला फार आवडतं.)

खरा बदल झाला तो आवाज आल्यावर. १४ मार्च १९३१ ला 'आलमआरा', आणि ६ फेब्रुवारी १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. यात हरिश्चंद्र कोण? गोविंदराव टेंबे, 'मानापमाना'ला चाली देणारे. म्हणजे माणसं तीच होती. संगीतही बरंचसं तेच. बदललं ते एक यंत्र. मायक्रोफोन.

इथे जरा थांबतो, कारण माझ्यातल्या इंजिनियरला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. मायक्रोफोनला आवडनिवड नसते. त्याला गाणंही ऐकू येतं, खुर्चीची करकरही ऐकू येते आणि "वाहवा"ही ऐकू येते. त्यामुळे बोलपट काढायचा तर सेटवर कडेकोट शांतता हवी. दाद देणं हा रेकॉर्डिंगमधला बिघाड ठरला! शिवाय रीळ पैशाचं, वेळ पैशाचा, गाणं आधी ठरलेल्या लांबीत बसलंच पाहिजे. त्याआधी ग्रामोफोनच्या तबकडीने हाच धडा दिला होता. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, त्यात काय सांगायचं ते सांगा. पण तबकडी घरी वाजायची, थेटरातला खेळ त्याने बदलत नव्हता. बोलपटाने खुद्द थेटरातल्या गाण्यालाच कायमचं एक रूप देऊन टाकलं.

बालगंधर्वांचं काय झालं ते बघा. १९३४ साली कर्जात बुडालेली गंधर्व मंडळी बंद झाली, आणि ते प्रभातमध्ये गेले. १९३५ चा 'धर्मात्मा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं, आणि बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत. (पिक्चरचं आधीचं नाव 'महात्मा' होतं. गांधीजींच्या नावाशी जुळतं म्हणून सेन्सॉरला खुपलं आणि बदलावं लागलं.) आयुष्यभर लुगडं नेसून उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा पडद्यावर येतो तो पुरुष म्हणून, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण मला वाटतं त्याहून मोठं काहीतरी त्या सेटवर त्यांच्यासमोर नव्हतं. समोर पिट नव्हता. गाऊन झाल्यावर पलीकडून काही आलंच नाही. आलं असेल तर "कट". ज्याचं दुसरं कडवं पहिल्या कडव्याच्या दादेतून जन्माला यायचं, त्याला शांततेत गायला सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला सतरंजीवर पोहून दाखवायला सांगण्यासारखं. प्रभातशी करार बऱ्याच चित्रपटांचा होता, झाला एकच. १९३७ ला 'साध्वी मीराबाई' आला. त्यात 'अमृतसिद्धी' हे त्यांचं नाटकच कॅमेऱ्यासमोर मांडलं होतं, आणि ते स्त्रीवेशातही होते. तोही लोकांनी मनावर घेतला नाही. म्हणजे नुसता पुरुषवेश हे काही कारण पुरत नाही.

उलट बाजूही बघितली पाहिजे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस होते. हेही पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करणारे. पण पागनीस कॅमेऱ्यासमोर असे गायले, जणू समोर कुणी नाहीच, फक्त विठोबा आहे. तो पिक्चर मुंबईच्या सेंट्रलला ५७ आठवडे चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचं कौतुक झालं. ५७ आठवडे! लोक परत परत गेले, म्हणजे वन्स मोअर होताच की. पण अर्थ पालटला होता. आता परत जाणाऱ्याला ठाऊक होतं की तेच, अगदी तस्संच, ऐकायला मिळणार आहे. आणि त्याला तेच हवं होतं. मिसळ खाताना आमच्यात जो वाद झाला, त्यातला पहिला मित्र जन्मला तो इथे.

नाशिकलाही सिनेमाचं वारं होतंच. गोदावरी सिनेटोन नावाची कंपनी इथे होती आणि १९३६ च्या सुमाराला तिच्यात विष्णु वामन शिरवाडकर नावाचा चोविशीतला तरुण लिहायला होता. 'सती सुलोचना'ची पटकथा त्याची, आणि लक्ष्मणाची भूमिकाही त्याचीच. पिक्चर पडला. कुसुमाग्रज आपल्याला लक्ष्मण म्हणून मिळाले नाहीत याबद्दल नाशिककरांनी त्या वेळच्या प्रेक्षकांचे आभारच मानायला हवेत. आणि विजयानंद? ज्या थेटरात 'शारदा' व्हायची होती, ते पुढे सिनेमाचं थेटर झालं. गावोगावच्या नाट्यगृहांचं तेच झालं.

पण नाशिकचा या गोष्टीतला सगळ्यात सुंदर धागा पंचवटीत आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणारे, उत्तरायुष्यात नाशिकला आले आणि त्यांनी पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभा केला. गाणं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून काढून तिकीट लावून चारचौघांत आणायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. १९३१ ला ते गेले तेव्हा मुलगा दत्तात्रय दहा वर्षांचा होता. हाच पुढे द. वि. पलुस्कर. आणि या कडक शिस्तीच्या घरातला मुलगा १९५२ साली चक्क पिक्चरसाठी गायला. 'बैजू बावरा'. संगीत नौशादांचं. तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँ, बैजूचा आवाज पलुस्कर. पडद्यावर दोघांची जुगलबंदी होते, राग देसी, आणि बैजूच्या गाण्याने संगमरवर वितळतो.

काय विलक्षण प्रकार आहे बघा. पडद्यावर मैफल चालू आहे, बादशहा ऐकतोय, दरबारी माना डोलावतायत, निकाल लागतोय. आणि खरा प्रेक्षक खाली अंधारात बसलाय, ज्याच्या मताने त्या निकालात काडीचाही फरक पडणार नाही. कथेत तानसेन हरायचा म्हणजे अमीर खाँ हरणार, प्रत्येक खेळाला, प्रत्येक गावात. थेटरात उरतं ते बाहेर पडून चहा पिताना "काही म्हण, मला खाँसाहेबच भारी वाटले" हे म्हणणं. मत आहे, पण ते खेळात शिरत नाही. द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो याच पिक्चरमुळे, हेही सांगायला हवं. मैफलींत त्यांनी देसी कितीदा आणि कसा कसा गायला असेल ते त्या मैफलींबरोबर गेलं. राहिली ती काही मिनिटं. म्हणून रेकॉर्डिंगला शिव्या देणाऱ्यांच्या बाजूने मला पूर्णपणे जाता येत नाही. बालगंधर्वांचा तिसरा वन्स मोअर कसा होता हे आज कुणालाच ऐकता येत नाही. तबकडीतली तीन मिनिटं तरी आहेत.

आता 'कट्यार'. १५ जुलै १९६७ ला बालगंधर्व गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. (हेच वसंतराव लहानपणी १९३५ च्या बोलपटातल्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण होते. मंदाकिनीबाईंनी मुक्याने केलेला कृष्ण यांनी आवाजासकट केला.) वसंतराव आज जे गायले ते उद्या गातीलच, याची खात्री कुणी देत नसे. लोक पुन्हा पुन्हा जात ते त्याचसाठी. म्हणजे जुना वन्स मोअर इथे पुन्हा धुगधुगी धरून उठला. २०१० च्या सुमाराला त्यांचा नातू राहुल देशपांडे आणि अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांनी सुबोध भावेंच्या दिग्दर्शनात ते नाटक परत उभं केलं, आणि २०१५ ला त्याचा सिनेमा झाला. नव्या गाण्यांना शंकर-एहसान-लॉयचं संगीत. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या ऑफिसातल्या ज्या पोरांनी आयुष्यात नाट्यगीत ऐकलं नव्हतं, ती हेडफोन लावून ते ऐकत कोड लिहायला लागली. हे काम पन्नास वर्षांत कुठल्या व्याख्यानमालेने केलं नव्हतं.

पण मग तीच पोरं मैफलीला आली ती कानात एकच नमुना पक्का करून. आणि गाणाऱ्यांनाही ते कळतं. पुढच्या रांगेत पंचवीस मोबाइल उभे असले, आणि प्रत्येकाला ओळखीची जागा ओळखीच्या ठिकाणी हवी असली, की नवी जागा घ्यायची जोखीम कोण घेईल? टाळी पडते ती आता ओळख पटल्याची. पूर्वी ती चकित झाल्याची पडायची. मला यातली धास्ती वाटते ती इतकीच, की हळूहळू गायक मैफलीतही रेकॉर्डिंगचीच नक्कल करायला लागेल, आणि आपण पहाटे साडेचारला उठून स्पीकरसमोर जाऊन बसू.

अर्थात प्रेक्षक इतका साधा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट' लागला तेव्हा 'झिंगाट'ला पोरं खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचत होती. पडद्याला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! विजयानंदच्या पिटातली आरोळी शंभर वर्षांनी तशीच बाहेर आली, समोर फक्त कुणी गाणारं नव्हतं.

त्या मिसळीच्या वादातल्या दुसऱ्या मित्राने नंतर एक बरं काम केलं. आजोबांना 'कट्यार' सिनेमा दाखवायला नेलं. आजोबांनी वसंतरावांचं नाटक पाहिलेलं. पिक्चर कसा वाटला विचारल्यावर म्हणाले, "चांगला आहे, वेळेवर संपतो." त्यांच्या वेळी म्हणे नाटकाला जाताना शेवटची बस मिळणार नाही असं धरूनच निघायचं.